दरकरार झाला, माल तयार झाला, ऑर्डर मात्र नाही

प्रश्न : आमचे चादरी शिवण्याचे छोटे युनिट आहे. राज्य सरकारच्या एका खात्याशी वर्षभराचा दरकरार झाला. निविदेत अंदाजित मागणी १२,००० चादरींची होती. दहा महिन्यांत लेखी ऑर्डर आली फक्त १,५०० ची. त्यातल्या ६०० घेतल्या आणि उरलेल्या ९०० दोन ओळींच्या पत्राने रद्द केल्या. मध्ये भांडारपालांच्या फोनवरून २०० चादरी पोचवल्या, त्यांचे बिल 'पुरवठा आदेश नाही' म्हणून परत आले. याशिवाय खात्याचे नाव छापलेल्या ३,००० चादरी गोदामात पडून आहेत. ठेकेदारी करणारे मेहुणे म्हणतात, निविदेत आकडा आहे म्हणजे सगळा माल उचलावाच लागेल. खरे आहे का?

उत्तर : नाही. आणि कापड आणण्याआधी हे तुम्हाला कुणी सांगितले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मेहुण्यांचा अनुभव बांधकामाचा आहे. बांधकाम खात्याच्या बी-१ किंवा बी-२ या छापील नमुन्यातला करार एका ठरलेल्या कामाचा असतो. दरकरारात खाते सहसा फक्त दर बांधून घेते, नग नाही. कायद्याच्या नजरेत तो तुमचा उघडा ठेवलेला प्रस्ताव असतो, आणि एकेक पुरवठा आदेश निघेल तसा तेवढ्याच मालाचा करार होतो. भंडाऱ्याच्या लोकसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात, सरकारला विड्या पुरवण्याच्या व्यवहाराबाबत न्यायालयाने १९५४ मध्ये हेच सांगितले. म्हणून १२,००० चा आकडा विसरा आणि ऑर्डरींची फाइल काढा.

तुमची सर्वांत भक्कम बाजू त्या ९०० चादरींची. 'खाते केव्हाही करार रद्द करू शकेल' अशी अट करारात असेलच. तिला घाबरू नका. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेला १४,००० मण गूळ पुरवण्याच्या खटल्यात अशीच अट होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नग आणि तारीख घालून रीतसर ऑर्डर दिली की तेवढा करार पक्का झाला. तो त्या अटीच्या जोरावर मोडता येत नाही. तेव्हा याच आठवड्यात, ज्यांच्या सहीने ऑर्डर निघाली त्यांना लेखी कळवा: ९०० नग तयार आहेत, अमुक दिवसांत उचला, नाहीतर बाहेर विकून तूट तुमच्याकडून वसूल करू. नाव छापलेल्या चादरीला बाजारात चिंध्यांचा भाव येईल, पण जो येईल त्याची पावती ठेवा. नुकसान कमी राखण्याचा प्रयत्न तुम्ही केला होता का, हे न्यायालय पाहते.

२०० चादरींचे बिल सोडू नका. संविधानाच्या अनुच्छेद २९९ मुळे सरकारशी फोनवर करार होत नाही, हे खरे. पण माल फुकट द्यायचा म्हणून दिलेला नव्हता आणि सरकारने तो वापरला, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो. बी. के. मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सरकारलाही लागू केले. इथे सगळी मदार चलनावर, म्हणजे माल पोचवल्याच्या पावतीवर आहे. त्यावर भांडारपालांची सही, तारीख आणि शिक्का आहे ना? मूळ प्रत कार्यालयात देऊ नका, झेरॉक्स द्या. शिवाय माहिती अधिकारात दहा रुपये भरून साठा नोंदवहीतील त्या दिवसाचे पान मागा. तुमच्या चादरी तिथे जमा दाखवल्या असतील, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

गोदामातल्या ३,००० बाबत मी खोटी आशा दाखवणार नाही. ऑर्डर नाही आणि माल सरकारच्या हातात गेलेला नाही, त्यामुळे कलम ७० सुद्धा लागत नाही. एकच वाट दिसते: 'पुरवठादाराने इतका साठा सदैव तयार ठेवावा' अशी अट निविदेत किंवा एखाद्या पत्रात आहे का, ते ओळ न ओळ तपासा. असेल तर कागद घेऊन वकिलाला भेटा. नसेल तर नाव कापून, उशांचे अभ्रे शिवून माल मोकळा करा.

घेतलेल्या ६०० चे पैसे थकले असतील आणि करारापूर्वीच तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करा. पैसे ४५ दिवसांच्या पुढे थकले की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

बाकीच्यासाठी दावा करावा लागला, तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुदत तीन वर्षांची: २०० चादरींसाठी पोचवल्याच्या तारखेपासून मोजा, ९०० साठी रद्द केल्याच्या पत्रापासून. दोन्ही तारखा आजच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.