क्रिएटिनिन नॉर्मल, तरी किडनी का वाढतेय?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय ३६, लालबागला राहते. आईला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझ्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत बरेच सिस्ट निघाले, लांबी १४ सेंटिमीटर. क्रिएटिनिन मात्र ०.९. नुसत्या पाण्याच्या फुग्यांनी किडनी निकामी होते ती कशी? शेजारचे काका म्हणतात, सुईने पाणी काढून घे. आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाचं काय?

उत्तर : ताई, क्रिएटिनिन ही किडनीच्या कामाची रक्ततपासणी, पण ते ०.९ पाहून निर्धास्त राहू नका आणि सोनोग्राफी पाहून हातपायही गाळू नका. एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. सिस्ट धरतात ते त्यातल्या अगदी थोड्या नलिकांना. बाकीचे नेफ्रॉन जादा काम अंगावर घेतात, म्हणून रक्ताचा रिपोर्ट वर्षानुवर्षं चांगला येत राहतो.

मग एवढ्याशा नलिका अख्खी किडनी कशी बुडवतात? सुरुवात जनुकातल्या दोषाने होते. बहुतेक घरांत पीकेडी-१ हे जनुक, काही घरांत पीकेडी-२. नलिकेच्या पेशींत सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा रेणू वाढतो, पेशींची संख्या वाढत जाते आणि त्या आत पाणी सोडत राहतात. काही मिलिमीटरचा झाला की बहुतेक सिस्ट मूळ नलिकेपासून तुटतो, आतलं पाणी लघवीत जायला वाटच उरत नाही.

पेशंटला सहसा इथपर्यंतच सांगितलं जातं. मला मात्र सिस्टपेक्षा त्याच्या भोवतालची जास्त काळजी वाटते. परळला शिकत असताना अशी काढलेली किडनी मी पाहिली. निरोगी किडनी दीडशे ग्रॅमच्या आसपास असते; ही दोन्ही हातांनी उचलावी लागली. पण मी हादरले ती सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी पाहून. ट्रायक्रोम रंग दिला की कोलॅजन, म्हणजे व्रणातले तंतू, निळं दिसतं. सिस्टच्या मधल्या जागेत, जिथे नलिका एकमेकींना खेटून असायला हव्यात, तिथे निळेच पट्टे होते. अधूनमधून एखादी सुकलेली नलिका, तिच्याखालचा आधारपडदा जाडजूड, आजूबाजूला दाहाच्या पेशींची गर्दी.

हे घडतं असं. सिस्ट वाढता वाढता शेजारच्या नलिका चेपतो, त्यांच्यात लघवी तुंबते, त्यांना इजा होते. इजा झाली की मॅक्रोफेज पेशी दुरुस्तीला येतात, पण त्यांनी सोडलेली रसायनं सिस्टच्या पेशींनाही वाढवतात. सिस्टच्या पेशी पेरिऑस्टिन नावाचं प्रथिन बाहेर टाकतात. ते त्यांचीच वाढ पुढे रेटतं आणि भोवती तंतू जमवायला मदत करतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर हा जनुकदोष असलेल्या किडनीला इजा झाली की नवे सिस्ट भराभर धरताना दिसले आहेत. त्यातच रक्तवाहिन्या चेपल्यामुळे किडनीतून सुटणारं रेनिन वाढतं आणि त्याने बीपी चढतं. क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी.

काकांना सांगा, सुईने किडनी वाचत नाही. सिस्ट शेकड्यांनी असतात, पाणी पुन्हा भरतं आणि ते निळे पट्टे जागचे हलत नाहीत. एखादा मोठा सिस्ट फार दुखत असेल किंवा त्यात जंतुसंसर्ग असेल, तर गोष्ट वेगळी.

तुम्ही बीपी किती ते लिहिलेलंच नाही, आणि मला आधी तेच हवं होतं! घरी यंत्र आणा, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-पीकेडी अभ्यासात, किडनीचं काम चांगलं असलेल्या तरुण पेशंटचं बीपी ११०/७५च्या खाली ठेवल्यावर किडनी फुगण्याचा वेग कमी झाला. तुमचं किती ठेवायचं ते तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील. बीपीच्या गोळ्या सुरू करताना आणखी मूल हवं असेल तर आधी सांगा. यातल्या नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. लोणचं, पापड, फरसाण कमी करा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

एमआरआयवर किडनीचं एकूण आकारमान मोजून घ्या. वाढ वेगाने होत असेल तर टोलव्हॅप्टन या औषधाचा विचार होतो. ते शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला अडवून सायक्लिक एएमपी कमी करतं. पण लघवी इतकी होते की रोज लोकलने तासभर जाणाऱ्याला ते जड जातं, शिवाय लिव्हरच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

मुलाला हा दोष मिळाला असण्याची शक्यता ५० टक्के. त्याला काही त्रास नसेल तर सोनोग्राफीची घाई करू नका. बीपी मात्र दरवर्षी बालरोगतज्ज्ञांकडून मोजून घ्या, आणि तेही लहान मुलांच्या मापाच्या पट्ट्यानेच.