वारा कुठून येतोय ते बघत जा

पोरी,

तुझा साऊथ अमेरिकेचा प्लॅन दोनदा वाचला. आधी खूप आनंद झाला, मग जरा जीव कासावीस झाला. 24 दिवसांत चिलीचं अटाकामा वाळवंट, बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, पेरूतलं कुस्को, ॲमेझॉनचं जंगल, पार दक्षिणेचा पॅटागोनिया, आणि सगळीकडे विमानानेच. ठिकाणं एकसे एक आहेत, वादच नाही. पण अशी गेलीस तर वाळवंट दिसेल, जंगल दिसेल, बर्फ दिसेल, एकाचं दुसरं कुठे आणि कसं होतं तेवढं बघायचं राहून जाईल, आणि माझ्या मते त्यासाठीच इतक्या लांब जायचं असतं.

म्हणून एक फ्लाइट तरी कॅन्सल कर आणि कुस्कोहून मानूच्या जंगलाकडे रस्त्याने उतर. कुस्को 3,400 मीटरवर, हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशीच माझे ओठ फुटले होते. पाउकार्ताम्बो गाव सोडलं की वर एक खिंड लागते, तिच्या अलीकडे नुसतं पिवळं खुरटं गवत, त्याला तिथे इचू म्हणतात, आणि पलीकडे गेलं की एकदम ढगातच शिरतो आपण. गाडीची काच ओली झाली म्हणून मी बाहीने पुसली तर काही फरक पडेना, ओल बाहेरून होती. मग झाडं सुरू झाली, फांद्यांवर शेवाळ एवढं जाड की साल दिसत नव्हती, त्यातच नेचे आणि ऑर्किड उगवलेले. सकाळी चेन गळ्यापर्यंत ओढलेलं जॅकेट दुपारी मांडीवर आलं आणि संध्याकाळी खालच्या पिल्कोपाता गावात उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, सगळं एका दिवसात!

हे का होतं ते समजून घेऊन जा, मग बघायला दुप्पट मजा येते. तिकडे वारा पूर्वेकडून येतो, अटलांटिकचं आणि खुद्द जंगलाने सोडलेलं बाष्प घेऊन, आणि अँडीजच्या डोंगरांना धडकून वर चढताना थंड होतो आणि तिथेच सगळा पाऊस पाडून मोकळा होतो. पलीकडे पोचतो तो कोरडा. त्यात चिलीच्या किनाऱ्याने समुद्रातला हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह, म्हणजे समुद्र शेजारी असूनही ढग वर चढत नाहीत, नुसतं धुकं. अटाकामा झालं ते असं. म्हणजे ते जंगल आणि ते वाळवंट, दोन्हींमागे डोंगर एकच आहे गं!

आणि खाली पॅटागोनियात सगळं उलटं, तिथे वारा पश्चिमेकडून, पॅसिफिकवरून येतो, म्हणून चिलीची बाजू ओली आणि अर्जेंटिनाची कोरडी. एल कालाफातेला उतरशील तेव्हा चौफेर धुळकट झुडपं दिसतील, वाटेल चुकीच्या गावात आलो. तिथून साधारण 80 किलोमीटर पेरितो मोरेनो हिमनदी. त्या बसमध्ये प्लीज झोपू नकोस, झुडपं संपून लेंगा नावाची तिथली झाडं कुठे सुरू होतात ते डोळ्यांनी पकड. पुढे मग तो बर्फ, पाण्यावर साठेक मीटर उंच उभा, निळा, आणि मधूनच तोफ डागल्यासारखा आवाज करत तुटतो.

उयुनीबद्दल एकच. मिठावर साचणारं आरशासारखं पाणी जानेवारी ते मार्चमध्ये असतं, पण तेव्हाच मानूच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. दोन्ही जमत नाही, मी तुझ्या जागी आरसा सोडला असता. सप्टेंबरमध्ये जा, मीठ कोरडं असेल पण रस्ता उघडा असतो आणि पॅटागोनियाचा हिवाळाही सरत आलेला असतो.

कुस्कोत पहिले दोन दिवस काही करू नकोस, डोकं दुखलं तर अंगावर काढू नकोस, विरळ हवेशी हट्ट चालत नाही. यलो फिव्हरची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी घे.

तिकीट बदललंस की सांग. आणि खिंडीत गाडी थांबवायला लाव, एक फोटो अलीकडच्या गवताचा, एक पलीकडच्या ढगाचा, दोन्ही मला पाठव.

तुझा,
काका