अबार्थ पुंटोची किंमत ठरवताना मॅन्युअल गिअरला किती मोल द्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुणे पासिंगची २०१६ सालची अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटो या छोट्या गाडीची अबार्थ नावाने निघालेली जास्त ताकदीची आवृत्ती, विकाऊ आहे, आणि ‘मॅन्युअल गिअरच्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांचे भाव जगभर चढत आहेत’ असे सांगून मालक त्याच वर्षाच्या साध्या पुंटोच्या कितीतरी पट रक्कम मागत आहे, ती घ्यावी का, रास्त किंमत कशी काढावी आणि चिक्कोडीसारख्या ठिकाणी राहून ती सांभाळता येईल का. मी बेळगावात हीच गाडी बाळगून आहे आणि ती विकण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे भाव चढवण्यात किंवा पाडण्यात मला काही स्वारस्य नाही, हे आधी सांगतो.

मालकाचे विधान खोटे नाही, परंतु ते त्याच्या गाडीला लागू पडत नाही. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ या गाडीला क्लच पेडलशिवाय, स्टिअरिंगमागच्या पात्यांनी चालणारा गिअरबॉक्स दिला आणि त्यानंतर बरीच वर्षे एकाच गाडीत दोन्ही पर्याय मिळत राहिले. श्रीमंत गिऱ्हाइकांनी बहुतांशी पात्यांचा पर्याय निवडला, क्लच पेडल आणि गिअरचा दांडा यांची मागणी घटत गेली, आणि पुढे कंपन्यांनी तो पर्यायच काढून टाकला. ५९९ या बारा सिलिंडरच्या फेरारीत मॅन्युअल गिअरच्या गाड्या जगभर मिळून जेमतेम तीसेक निघाल्या असे मानले जाते. लॅम्बोर्गिनीच्या बाबतीत गॅलार्डो २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्याबरोबर दांड्याचा गिअरही गेला. आता हौशी मंडळींना नेमक्या त्याच गाड्या हव्या आहेत, म्हणून तेच इंजिन, तीच बॉडी आणि तेच वर्ष असलेल्या दोन गाड्यांच्या भावात जो फरक पडतो, तो केवळ गिअरबॉक्सचा फरक असतो. ही मागणी इतकी खरी आहे की पगानी या इटालियन कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या उटोपिया या नव्या गाडीतही क्लचसह सात गिअरांचा मॅन्युअल पर्याय ठेवला. पात्यांचा गिअर काढून मागाहून दांडा बसवलेल्या फेरारीही बाजारात येतात, पण त्यांना मूळ मॅन्युअल गाडीचा भाव येत नाही; म्हणजे तिथेही पैसे मोजले जातात ते गाडी कारखान्यातून जशी निघाली त्या नोंदीला.

अबार्थ पुंटोत ही तुलनाच संभवत नाही, कारण भारतात विकली गेलेली प्रत्येक अबार्थ पुंटो पाच गिअरांची मॅन्युअलच आहे. ज्या वस्तूला बिगर-मॅन्युअल भावंडच नाही, तिला मॅन्युअल असल्याबद्दल अधिक रक्कम कोण कशाशी ताडून देणार? गंमत म्हणजे ही पुंटो बाजारात आली त्याच २०१५ साली कंपनीने अबार्थ ५९५ कॉम्पेतिझिओने ही छोटी गाडी इटलीहून आयात करून सुमारे तीस लाखांना विकायला ठेवली होती आणि तिला मात्र क्लच पेडल नव्हते; ते होते आपल्या रांजणगावात तयार झालेल्या पुंटोला.

तरीही गाडीला मोल आहे, आणि ते वेगळ्या कारणांनी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती दिल्लीच्या शोरूम भावाने ९ लाख ९५ हजारांना आली, फारशी विकली गेली नाही, आणि २०१९ मध्ये फियाटने भारतातील गाड्यांची विक्रीच थांबवली. संख्या कमी आणि नवी येण्याची शक्यता नाही, हा दुर्मीळपणा खरा आहे. मात्र दुर्मीळ वस्तूला गिऱ्हाईकही दुर्मीळच असते, हे बोली लावताना विसरू नये. ही ‘इटालियन स्पोर्ट्स कार’ म्हणावी का, यावर शुद्धतावादी नाक मुरडतील. पण १९४९ साली अबार्थ ही कंपनी काढणारे कार्लो अबार्थ स्वतः व्हिएन्नात जन्मलेले होते आणि त्यांचा सगळा लौकिक फियाटच्या साध्या, छोट्या गाड्यांना तिखट करण्यावरच उभा होता, तेव्हा साध्या पुंटोत १.४ लिटरचे टर्बो इंजिन बसवणे हे त्यांच्या परंपरेला धरूनच झाले.

या गाडीत पैसे कशाचे द्यायचे, ते चालवल्याखेरीज कळत नाही. १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, हे कंपनीचे आकडे आज फारसे अचंबित करणारे नाहीत. त्याहून वेगवान ऑटोमॅटिक गाड्या आता सहज मिळतात. बेळगावहून जांबोटी ओलांडून चोर्ला घाटाला लागले की फरक उमगतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन आळसावलेले असते आणि तिथून वर एकाएकी खेचू लागते, त्यामुळे वळणापूर्वी तिसऱ्यातून दुसऱ्यावर योग्य क्षणी आलात तरच वळणातून बाहेर पडताना ताकद हाताशी असते. क्षण चुकला तर टर्बो भरेपर्यंत थांबावे लागते. ही निवड चालकाच्या हातात राहते, हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याची खबर थेट तळहातापर्यंत पोचवते, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असल्याने उतारावर धीर राहतो. याच गाडीने टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी संध्याकाळी खोळंबून राहावे लागले की क्लचवरचा पाय दुखतो आणि हौस क्षणभर महाग वाटते. तुमचा रोजचा प्रवास चिक्कोडी ते निपाणी एवढाच असेल आणि घाटात जाणे क्वचितच होणार असेल, तर ज्या गुणासाठी अधिक रक्कम द्यायची तो गुण तुमच्या वाट्याला येणारच नाही.

आता तपासणीविषयी, कारण खरी किंमत इथेच ठरते. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला ती आधी सुरू करून ठेवू नका असे सांगा; इंजिन थंड असताना सुरू केल्यावर निळसर धूर निघाला, तर टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने तेल जळते आहे असे समजावे. गिअरबॉक्स थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत पाहावा. जुन्या फेरारींमध्ये तेल थंड असताना दुसरा गिअर अडतो आणि तो त्यांचा स्वभावच मानला जातो. पुंटोला मात्र ही सवलत देऊ नका. गाडी पुरेशी गरम झाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यावर जरा झटकन आणावे. खरखर झाली किंवा दांड्याने विरोध केला, तर सिंक्रोनायझरची, म्हणजे गिअर बदलताना चक्रांचा वेग जुळवून देणारी, कडी झिजलेली आहे, आणि त्या दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून, पुन्हा दाबून पाहावे. दांडा आपोआप बाहेर येत असेल तर पुढे बोलणेच नको. क्लचसाठी तवंदी घाटाची चढण उत्तम आहे : चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आणि फेऱ्यांचा काटा वर चढूनही वेग त्या प्रमाणात वाढत नसेल तर क्लच संपलेला आहे. टर्बोच्या ताकदीमुळे ही गाडी लपवाछपवी करत नाही, घसरणारा क्लच लगेच उघडा पडतो.

इंजिनाच्या टायमिंगला या गाडीत साखळी नसून पट्टा आहे. किलोमीटर कमी झाले म्हणून पट्टा नवा राहत नाही, रबराला वयही असते; दहा वर्षांच्या गाडीत तो बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरावे आणि पट्टा, त्याचा ताणक, पाण्याचा पंप या सर्वांचा खर्च किमतीतून सरळ वजा करावा. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात व इंजिन उघडावे लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, तडा गेला आहे का, हे थंड इंजिनाच्या फटफट आवाजावरून जाणकार मेस्त्री ओळखतो. गाडीखाली शिरून पाहणेही टाळू नका, कारण साध्या पुंटोपेक्षा ही गाडी ठेंगणी आहे, जमिनीपासून १५५ मिलिमीटरच, आणि आपल्याकडच्या गावोगावच्या स्पीडब्रेकरांनी तिचे पोट खरवडलेले असण्याची शक्यता मोठी असते.

यापुढचा मुद्दा मूळ स्वरूपाचा. अशा गाड्यांचे पहिले मालक बहुधा तरुण आणि उत्साही होते, त्यामुळे इंजिनाचा संगणक नव्याने प्रोग्राम करून ताकद वाढवलेल्या, मोठा एअर फिल्टर आणि कर्कश सायलेन्सर लावलेल्या गाड्या पुष्कळ सापडतात. मालक तो खर्च किमतीत मिळवून सांगतो. मी तो वजा करतो. वाढवलेली ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांनी सोसलेली असते, आणि मूळ सुटे भाग अडगळीत गेले असतील तर ते पुन्हा मिळवणे कठीण. बॉडीवरचे लाल पट्टे, अबार्थचे विंचवाचे चिन्ह असलेली सोळा इंची चाके, मूळ सीटकव्हर, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसची वही हे सारे जागेवर असलेली गाडी मिळाली, तर मात्र तिथे घासाघीस फार ताणू नये.

सुट्या भागांची भीती लोक घालतात तेवढी मोठी नाही, पण निराधारही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कुळातील गाड्या म्हणजे फियाटच्याच लिनिया या सेदानची टर्बो आवृत्ती टी-जेट आणि पुंटोवर बेतलेल्या अव्हेंचुराची अबार्थ आवृत्ती, त्यामुळे सेन्सर, क्लच, फिल्टर, पट्टा हे भाग मागवता येतात. दारे, काचा, आरसे साध्या पुंटोचेच आहेत. अडचण येते ती केवळ अबार्थच्या म्हणून असलेल्या वस्तूंची. बेळगावला एक फायदा असा की उद्यमबागेत यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. बुश बनवणे, फ्लँज सपाट करणे, डिस्क घासून देणे ही कामे तिथे सफाईने होतात, आणि असे भाग बाहेरून येण्याची वाट बघत बसावे लागत नाही. मात्र इंजिनाच्या संगणकाचे दोष वाचणारे योग्य यंत्र ज्याच्याकडे आहे असा माणूस बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्यात आधी गाठून ठेवावा आणि मगच गाडी घ्यावी.

कागदपत्रांचा भाग आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. एक पाय कोल्हापुरात आणि एक पाय बेळगावात असलेली कुटुंबे पाहुण्यांच्या नावावरची एमएच गाडी इकडे वर्षानुवर्षे फिरवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो. तुमच्या बाबतीत पुण्याच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून चिक्कोडीत केए-२३ चा नंबर घ्यावा लागेल, आणि गाडीची मूळ किंमत व वय पाहून कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागेल. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि पाठपुरावा लागतो, म्हणून मी तो किमतीच्या हिशेबात धरत नाही. मिळाला तर मिळाला. सौदा करण्यापूर्वी कराचा नेमका आकडा आरटीओतून काढून घ्या. तीच गाडी केए पासिंगची मिळत असेल, तर ती तेवढ्या रकमेने महाग असली तरी व्यवहार सारखाच पडतो.

विम्याकडे लोक शेवटी पाहतात, वास्तविक गाडीची किंमत ठरवताना तो आधी पाहावा. पाच वर्षांपर्यंत विमा कंपन्या ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्याने चालतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत किंमत निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतरची विमामूल्याची रक्कम मात्र कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. मालक मागतो ती रक्कम विम्याच्या कागदावर उतरवून घेण्यास कंपनी तयार आहे का, हे विचारा. नसेल, तर गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण नष्ट झाल्यास मधला फरक तुमच्या खिशातून जाईल, आणि ‘जगभर चढणाऱ्या भावा’चा त्यावेळी काही उपयोग होणार नाही.

किंमत काढण्याची माझी रीत सांगतो. आज प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, केवळ जाहिरातीत झळकणाऱ्या नव्हे, अशा दोन-तीन अबार्थ पुंटोंचा आणि त्याच वर्षाच्या लिनिया टी-जेटचा भाव मालकांच्या गटांतून विचारून घ्यावा. लिनियाचा भाव हा तळ समजावा, कारण त्याच कुळाचे इंजिन तिथे स्वस्तात मिळते; तळ आणि अबार्थचा भाव यांच्यातील अंतर म्हणजे विंचवाच्या नावाचे आणि अधिक ताकदीचे मोल. समोरची गाडी मूळ स्वरूपात आणि पावत्यांसह असेल तर ते अंतर पूर्ण द्यावे, छेडछाड झालेली असेल तर निम्मेही देऊ नये. तळ आणि हे अंतर यांच्या बेरजेतून पट्टा, टायर, क्लचचा अंदाजी खर्च आणि कर्नाटकाचा कर वजा करून जो आकडा येईल, तो मालकाला हिशेबासह लिहून द्यावा. तो मान्य झाला आणि घाटरस्ता तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल, तर खुशाल घ्या. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर घेऊ नका. वर्षाचा विमा, देखभाल आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांचा खर्च भाववाढीच्या पुढे धावतो, आणि न चालवता झाकून ठेवलेल्या टर्बो गाडीचे सील व होस वापरातल्या गाडीपेक्षा लवकर कडक होतात.