ऑटोमॅटिक ट्रकचं गिअर ऑइल असं तपास

भावा, गायमुखच्या चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर जरा थांबून झटका बसतो म्हणतोस, तर गिअरबॉक्स खोलायची घाई करू नकोस. आधी ऑइल बघ. (गाडी एएमटी असेल तर हे लागू नाही, तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र आपोआप टाकतं.)

कळंबोलीत पोचलास की गाडी गरम असतानाच सपाट जागी लाव. हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव. इंजिन चालूच ठेव, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरव, न्यूट्रलला आण. मग गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पूस आणि पुन्हा घालून बघ. इंजिन बंद करून बघशील तर कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल खाली उतरतं आणि लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. बरेच जण इथेच फसतात.

लेव्हल कमी असेल तर गळती शोधायचीच, कारण हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पॅनचं गॅस्केट, कूलरचे पाइप, मागचं सील बघ. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी जागची हलवू नकोस. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर आतल्या क्लच प्लेटा गेल्या असण्याची शक्यता मोठी.

गाडीच्या मॅन्युअल पुस्तकातल्याच ग्रेडचं ऑइल थोडंथोडं भर. जास्त झालं तर फेस होतो, मग गिअर पुन्हा घसरतात.