अळीच्या लांबीवरून थेट मृत्यूची वेळ सांगू नका

प्रश्न असा: प्रेतावर माशीच्या १२ मिलिमीटरच्या अळ्या मिळाल्या, अळीच्या वाढीच्या तक्त्यात त्या लांबीपुढे ६० तास लिहिलेत, तर मृत्यू ६० तासांपूर्वीचा धरायचा का?

नाही. तक्ता किती तापमानाचा आहे ते आधी बघा. समजा तो २७ अंश सेल्सिअसचा आहे आणि त्या जातीची वाढ १० अंशांखाली थांबते. मग तेवढ्या वाढीला (२७ − १०) × ६० = १०२० अंश-तास (१० अंशांच्या वरचे अंश गुणिले तास) लागले. जागेवर सरासरी २२ अंश असतील तर तासाला १२च जमतात, म्हणजे ८५ तास. पूर्ण दिवसाहून जास्त फरक! (आकडे रीत कळावी म्हणून घेतलेत, खरे जातीनुसार बदलतात.)

जागेचं मागचं तापमान वेधशाळेकडून जसंच्या तसं उचलू नये. प्रेताच्या जागी निदान ५ दिवस डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) ठेवा, त्याच दिवसांच्या वेधशाळेच्या नोंदींशी ताडून बघा आणि मग मागच्या नोंदी दुरुस्त करा. अळ्यांच्या घोळक्यात थर्मामीटर खुपसून वेगळी नोंद घ्या. मोठा घोळका हवेपेक्षा १० अंशांहून जास्त तापलेला असू शकतो. शवागारातले थंडीचे तासही वेगळे मोजायचे.

आता लांबी. अळी जिवंतच अल्कोहोलमध्ये टाकली की आक्रसते, काळी पडते आणि वय कमी निघतं. त्याऐवजी आधी जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग ८० टक्के अल्कोहोल. निम्म्या अळ्या जिवंत ठेवून यकृताच्या तुकड्यावर माशी होईपर्यंत वाढवा, कारण जात पक्की ठरल्याशिवाय वरचा हिशेब फुकट. शिवाय खाणं संपलेली अळी कोषाआधी आखडते, त्यामुळे एकच लांबी दोनदा येते! म्हणून अळीच्या मागच्या टोकाच्या श्वसनरंध्रांच्या फटी मोजा: वाढीच्या दुसऱ्या अवस्थेत दोन, तिसऱ्या अवस्थेत तीन. अन्नाची गडद पिशवी भरलेली दिसली तर अळी अजून खातेय.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र जमिनीत होते. कोषात जाणाऱ्या अळ्या प्रेतापासून काही मीटर लांब जाऊन मातीत शिरतात. तिथे रिकामे कोष पडलेले असतील आणि ते शोधलेच नाहीत, तर अख्खी पिढी हिशेबातून गळते.

एवढं करूनही हाती येते ती अंडी घातल्याची वेळ, म्हणजे मृत्यूनंतरचा किमान काळ. रात्र, जोरदार पाऊस, बंद खोली, गुंडाळलेलं प्रेत यांनी माश्या उशिरा पोचतात. उलट, जिवंतपणीच जखमेत अळ्या पडल्या असतील तर तो काळ मृत्यूच्याही मागे जातो. मांसमाशी तर अंडी न घालता थेट अळ्याच टाकते; तिच्या बाबतीत अंडी उबण्याचे तास मिळवू नका.