गावातला खडूस म्हातारा लिहिताना

अरे,

तुझी गोष्ट मिळाली. दोनदा वाचली आणि रविवारी वाचनालयात पोरांना मोठ्याने वाचून पण दाखवली. न विचारता वाचली म्हणून रागावू नकोस, मुलांची गोष्ट मुलांच्या कानावर पडल्याशिवाय मला तिच्याबद्दल काही बोलताच येत नाही. पहिली दोन पानं पोरं नुसती खिदळत होती, मग तुझा व्हिलन सगळ्या गावाची जमीन हडपून मॉल बांधायला निघाला आणि मागच्या रांगेतला एक जण उठून चपला शोधायला लागला.

जमीन, सातबारा, मॉल हे मोठ्या माणसांचे प्रॉब्लेम झाले रे. आठ वर्षांच्या पोराचं काय हिसकावलं जातं ते बघ. आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, अंगणात बॉल गेला की आत जायचे, विळी घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसायचे आणि आमच्या डोळ्यांदेखत बॉल मधोमध कापून दोन्ही अर्धे आमच्या हातात ठेवायचे, तोंडातून शब्द नाही. आज पासष्टी उलटली तरी तो रबराचा वास मला आठवतो. पण खरी मजा पुढे आहे, माझ्या धाकट्या बहिणीने ते अर्धे बॉल गोळा करून भातुकलीत वाट्या केल्या आणि एक दिवस त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांनाच खोटा खोटा श्रीखंडाचा नैवेद्य दाखवला. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास! तुझा व्हिलन असा हवा, छोट्या गोष्टीत अगदी मनापासून वाईट.

इंग्रजीत मुलांसाठी लिहिणाऱ्या अँडी स्टँटनचं मिस्टर गमचं पहिलं पुस्तक (२००६ चं आहे) मिळालं तर जरूर वाच, चित्रं डेव्हिड टॅझीमनची. लॅमॉनिक बिबर नावाच्या छोट्या गावात हा लाल दाढीवाला म्हातारा राहतो, त्याला मुलं, प्राणी, मौजमजा काही म्हणजे काही सहन होत नाही. घर नुसता उकिरडा, पण बाग मात्र गावात सगळ्यात देखणी. का? तर त्याच्या बाथटबमध्ये एक रागीट परी राहते आणि बाग जरा विस्कटली की फ्राइंग पॅनने त्याला बडवते. आता त्या बागेत एक मोठा प्रेमळ कुत्रा येऊन धुडगूस घालतो, म्हणजे मार कुणाला, तर याला! म्हणून हा कुत्र्याला विष घालायला निघतो आणि पॉली नावाची छोटी मुलगी त्याच्या आड येते. बघ, एकातून एक कसं निघतंय. परी कितीही येडपट असली तरी तिच्या मारामागे कारण आहे आणि विष तर खरंच भीतीदायक आहे. पोरं हसतात पण श्वास रोखून हसतात, तुझ्या गोष्टीत ती भीतीच नाहीये.

आपल्याकडे हे नाटककार रत्नाकर मतकरींना पक्कं माहीत होतं. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाटकातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ ला ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. मी नातवाला घेऊन गेले होते, तो आईच्या पदराआड लपून तिच्याकडे बघत होता आणि तिथूनच हसत होता. तेच पाहिजे, पदर आणि हसू दोन्ही एकदम.

आणि व्हिलनचं नाव बदल बाबा. 'विक्राळ' कोण असतं तालुक्याच्या गावात? तिथे तात्या असतात, बापू असतात, अण्णा असतात. 'खेकसेतात्या' असं जरा मोठ्याने म्हणून बघ, जिभेला मजा येते की नाही? शिवाय मुलं उगाच घरभर ओरडत सुटतील.

शेवटी तू त्याला रडवून सगळ्यांची माफी मागायला लावलीस ते तर मला अजिबात पटलं नाही. पोरांना ते खोटं वाटतं, त्यांच्या ओळखीचा खडूस म्हातारा उद्या पण तितकाच खडूस असणार आहे हे त्यांना माहीत असतं. त्याची फजिती होऊ दे, धोतर खिळ्याला अडकू दे, आणि तो दात ओठ खात घरात जाऊन दार आपटू दे. बास.

पुढच्या रविवारपर्यंत फक्त एक पान पाठव. खेकसेतात्या ओट्यावर विळी घेऊन बसलाय, समोर चार पोरं गप्प उभी आहेत आणि बॉल अजून कापायचा आहे. पाठवताना तू स्वतः एकदा मोठ्याने वाच, मी इथे पोरांना वाचून दाखवते आणि कुठे हसली ते पेन्सिलीने खुणा करून कळवते.

— बाई