असील आणि कडकनाथ प्रदर्शनात उतरवायचे आहेत, दोन महिने आधी काय खुराक द्यावा?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळ मळ्यात असीलचा एक कोंबडा, तीन कोंबड्या आणि कडकनाथाची जोडी आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या कृषी प्रदर्शनात पक्षी ठेवायचाय आणि दोन महिने आधी खुराक काय द्यावा हे हवंय. खुराकाचं पुढे सांगतो. पण दोन महिन्यांत फक्त पिसं आणि वजन सुधारतं. सांगाडा, तुरा, पायांची ठेवण ही जोडी लावतानाच ठरते, म्हणून आधी तिथून.

असीलचा तुरा वाटाणा तुरा हवा: बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन ओळींचा. चोचीखालची लोंब जवळजवळ नसावी. मान लांब, छाती रुंद, पाय सरळ आणि जाड, पिसं तोकडी, कडक, अंगाला घट्ट बसलेली. दोन्ही पालकांचा तुरा वाटाण्याचा असूनही एखादं पिल्लू उभ्या दातेरी तुऱ्याचं निघालं, तर तो गुण नर आणि मादी दोघांत दडलेला आहे. वाटाणा तुरा प्रबळ, साधा म्हणजे उभा दातेरी तुरा अप्रबळ. नुसतं ते पिल्लू बाजूला काढून भागत नाही, ती जोडीच मोडावी लागते.

कडकनाथात फसवणूक जास्त. हा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला पक्षी. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातही सहज मिळतो, पण काळा दिसला म्हणजे शुद्ध नव्हे. कडकनाथ कोंबडा पांढऱ्या किंवा पिवळ्या पायाच्या कोंबडीवर सोडला तर पहिल्या पिढीतल्या तलंगा (तरुण माद्या) बऱ्याच काळ्या निघतात आणि नर फिके. कारण काळेपणा दाबणारा जनुक Z या लिंगसूत्रावर असतो आणि तलंगेला ते सूत्र फक्त बापाकडून येतं. म्हणून नुसती काळी तलंग बघून घेऊ नका, तिचे भाऊ बघा. पंखाखालची कातडी, जीभ, तोंडाची आतली बाजू, तळपाय उजेडात तपासा. तुऱ्यात लालसर झाक ठळक असेल तर तो पक्षी पैदाशीला नको.

तीन असील कोंबड्या एकत्र ठेवल्या तर अंडं कुणाचं ते कळत नाही. प्रत्येकीला वेगळं खुराडं द्या आणि कोंबडा आळीपाळीने फिरवा. अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा नंबर आणि तारीख लिहा. पिल्लू निघाल्या दिवशी बोटांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडा. दोन पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे 16 खुणा होतात. नवा कोंबडा आणला तर आधीच्याचं बीज कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवडे उलटल्याशिवाय त्याच्या नावाने अंडी उबवू नका. पुढे प्रत्येक कोंबडीचा एक गट धरा: पोरी आईच्याच गटात ठेवायच्या, पोरं शेजारच्या गटाला द्यायची. तीन गट असले तर सख्खी भावंडं एकत्र येत नाहीत.

वेळेचं गणित मोठं आहे. असीलचा नर भरायला दहा-अकरा महिने लागतात, म्हणजे पुढच्या हिवाळ्यासाठी पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत निघायला हवीत. मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. तेव्हा कोंबड्याचं बीज कमजोर होतं, अंड्याची टरफलं पातळ पडतात. पावसाळ्यातल्या पिल्लांना ओल्या तुसामुळे रक्ती हगवण लागते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. पंख्याच्या उबवणी यंत्रात 37.5 अंश, पहिले 18 दिवस ओलावा 55 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. खान्देशातली हवा कोरडी. शेवटी ओलावा कमी पडला की पिल्लू पडद्याला चिकटून आतच मरतं, म्हणून पाण्याचा ट्रे रोज बघा.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. मानमोडीची आणि देवीची लस चुकवू नका. पिल्लांना आठ-दहा आठवड्यांआधी दांडीवर बसू देऊ नका. पुढेही दांडी दोन इंच रुंद असावी. कोवळ्या वयात बारीक दांडीवर बसल्याने छातीचं हाड वाकतं आणि परीक्षकाच्या हाताला ते लगेच लागतं. नर चार-पाच महिन्यांचे झाले की वेगळे करा. फाटलेला तुरा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

आता खुराक. पिसं झडून नवी येताना 18 ते 20 टक्के प्रथिनांचं खाद्य द्या, सोबत ज्वारी, बाजरी, भिजवलेला हरभरा. मका मर्यादेत ठेवा, चरबी चढलेला असील ढिला उभा राहतो. सरकीची पेंड आपल्याकडे गोठ्यात असतेच, ती कोंबड्यांना घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट होतो, जास्त पोटात गेल्यावर वाढ खुंटते. कडकनाथाला दुपारच्या उन्हात ठेवू नका. काळ्या पिसाची हिरवी झळाळी जाऊन तपकिरी छटा येते. तुटकं पीस पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहतं. मुळासकट निघालेलं मात्र सहा-आठ आठवड्यांत परत येतं, म्हणून ही तपासणी प्रदर्शनाआधी दोन महिने करा.

दोन आठवडे आधी पिंजऱ्याची सवय लावा. असीलला अडीच-तीन फूट उंची द्या, नाहीतर तो मान आखडून उभा राहतो आणि त्याचा ताठा दिसतच नाही. रोज छातीखाली तळहात, बोटांत पाय धरून उचला. पंख उलगडून बघा: दहा मोठी पिसं आणि त्यांना लागून असलेली आतली पिसं यांच्यात फट असेल तर तो दोष बहुधा आनुवंशिक, त्या पक्ष्याला पैदाशीत घेऊ नका.

असीलला पूर्ण अंघोळ नको, पिसं फुगतात. ओल्या फडक्याने पुसून सुती कापड पिसांच्या दिशेने फिरवा. कडकनाथाला तीन दिवस आधी कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, मग दोनदा साधं पाणी, आणि वाऱ्यापासून दूर, सावलीत वाळवणं. पाय कोमट पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने खवल्यांतला मळ काढा, खोबरेल तेलाचं एकच बोट फिरवा. तेल जास्त झालं की धूळ बसते. पिसांना रंग लावलेला आढळला तर पक्षी बाद होतो.

2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता, हे विसरू नका. प्रदर्शनावरून आलेला पक्षी 21 दिवस वेगळ्या जागी ठेवा. त्याला खाणं-पाणी बाकी सगळ्यांनंतर द्या, भांडी आणि चपला वेगळ्या, पिंजरा धुऊन उन्हात टाका. मान वाकडी झाली, हगवण लागली किंवा अचानक मर झाली तर मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.